मुंगी सही करत नाही

मुंगी हे नाव ऐकून कुणी लहानखुरी मुलगी डोळ्यांसमोर आणली, तर ती कल्पना पहिल्याच भेटीत मोडायची. मुंगी चांगली उंच होती, हाडापेरानं दणकट होती. तिच्या मागे बसलेल्याला फळा दिसत नाही म्हणून शाळेत तिची जागा कायम शेवटच्या ओळीत. नाव पडलं होतं ते वेगळ्याच कारणानं. ती रांगायला लागली तेव्हा तिच्या वाटेत उशी ठेवा, स्टूल ठेवा, बादली ठेवा, ती वळसा घालून पुढेच जायची. उचलून मागे आणून ठेवलं तर रडायची नाही, पुन्हा तिथूनच निघायची. ते बघून तिची आत्या म्हणाली होती, "ही पोरगी नाही, मुंगी आहे." तेव्हापासून घरात, गल्लीत आणि पुढे शाळेतही तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही.

तर ही मुंगी शाळेच्या शेवटच्या वर्षी, सराव परीक्षेत, जीवशास्त्रात नापास झाली. काठावर नव्हे, सपशेल.

यात गंमत अशी, की वर्गात जीवशास्त्राचं पुस्तक सगळ्यात जास्त कुणी वाचलं असेल तर ते मुंगीनं. महत्त्वाच्या ओळींवर पिवळा रंग मारायचा म्हणून तिनं सुरुवात केली आणि वर्ष सरेपर्यंत सगळं पुस्तकच हळद लागल्यासारखं पिवळं झालं. सगळंच महत्त्वाचं. सकाळी शाळेत जाण्याआधी ती मोठ्यानं वाचायची, दुपारी परत आली की वाचायची. वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटायची. 'हे येतं आपल्याला' असं म्हणत ती पान उलटायची. आणि परीक्षेत प्रश्न समोर आला की ते पान डोळ्यांसमोर यायचं, पानावरची आकृती कुठल्या कोपऱ्यात आहे तेसुद्धा आठवायचं, फक्त त्यात काय लिहिलंय ते नाही.

निकालानंतर मुख्याध्यापकांनी तिला वडलांना घेऊन यायला सांगितलं. मुलं त्यांना मोठे सर म्हणत. शाळेचा शाळान्त परीक्षेचा निकाल बरीच वर्षं शंभर टक्के लागत होता आणि फाटकावर तसा फलक होता, माणसापेक्षा मोठ्या आकड्यांत. तो फलक तसाच राहावा म्हणून मोठे सर दर वर्षी सराव परीक्षेनंतर काही मुलांना बोलावून घेत. या वर्षी तिघं होती. मुंगीच्या आधी दोघं आत जाऊन आली. एक मुलगा, ज्याला सगळे 'गोलकीपर' म्हणत, आणि एक अगदी गप्प मुलगी. दोघांचेही आईवडील मान खाली घालून बाहेर पडले.

मुंगीचे वडील सोफे दुरुस्त करायचे. जुनं कापड उसवायचं, बसलेला फोम काढायचा, तुटलेल्या स्प्रिंगा बदलायच्या, पट्टे ताणून नव्यानं मढवायचं. आयुष्य लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत गुडघ्यांवर बसून गेलेलं, त्यामुळे समोर खुर्चीत बसलेल्या कुठल्याही माणसाला 'हो साहेब' म्हणायची जिभेला सवय. मोठ्या सरांनी शांतपणे सगळं समजावलं. मुलीचा पाया कच्चा आहे, यंदा नापास झाली तर कायमचा डाग, पुढच्या वर्षी तयारीनं बसेल, तिच्याच भल्यासाठी. वडील प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग सरांनी एक कागद पुढे केला, यंदा परीक्षेला बसत नाही असं लिहून देण्याचा.

मुंगीनं तो उभ्याउभ्या वाचला.

"यात 'स्वखुशीने' लिहिलंय," ती म्हणाली.

"मग?"

"माझी खुशी नाहीये."

"अगं, ती लिहिण्याची पद्धत असते."

"मग मी सही करत नाही, सर."

वडलांनी तिच्या दंडाला हात लावला. मोठ्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. ते आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. "ठीक आहे," ते म्हणाले, "बस परीक्षेला. नियमानं मी तुला अडवू शकत नाही. पण मला एक सांग, कशाच्या जोरावर बसणार आहेस? पेपर दिसला ना मला तुझा. अजून दोन महिने तेच वाचणार, तेच विसरणार. तिथं नवीन काय घडणार आहे?"

नकार मोठ्या तोऱ्यात देऊन झाला होता आणि मूठ तर रिकामी होती. ती फक्त म्हणाली, "बसणार मी," आणि बाहेर आली. व्हरांड्याच्या कठड्याला धरून ती थोडा वेळ उभी राहिली, मग वडलांच्या मागून चालू लागली.

त्यांचं दुकान आणि घर एकच. पुढे दुकान, मध्ये प्लायवूडचा आडोसा, मागे दोन खोल्या. सगळ्या घराला चिकटवायच्या सोल्युशनचा आणि नव्या फोमचा वास. आई मशीनवर उशांच्या कव्हरांना कडेची पाईपिंग लावत बसली होती. वडलांनी चपला काढल्या आणि मग तोंड उघडलं.

"नापास झाली याचं मला काही नाही. माणूस नापास होतो. पण एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडाला लागायचं म्हणजे काय? त्यांच्या घरचा सोफा केलाय मी."

"सोफ्याचा आणि सहीचा काय संबंध?" मुंगी म्हणाली.

"हे बघ. हेच. हेच तिथं केलंस."

आईनं मशीन थांबवलं, सगळी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाली, "करून टाकायची होती सही. झाकली मूठ राहिली असती. आता नापास झालीस तर गावभर बोभाटा, की सांगूनसुद्धा ऐकलं नाही."

"नाही होणार नापास."

"कशावरून?"

तोच प्रश्न. मुंगी आडोशामागे गेली, पिवळं पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदाच तिला ते वाचायची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी तिनं जीवशास्त्राच्या बाईंना गाठलं. या बाई बोलायला फटकळ. शिकवताना त्यांचा खडू तुटायचा आणि त्या तुटक्या खडूनंच लिहीत राहायच्या. मुंगीनं विचारलं, "बाई, मी एवढं वाचते, मग राहत का नाही?"

बाईंनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, मधलंच पान उघडलं. "यातलं काय येतं तुला?"

"हृदय. सगळं येतं."

बाईंनी पुस्तक मिटून काखेत मारलं आणि तिच्यापुढे एक कोरा कागद सरकवला. "काढ."

मुंगीनं बाह्यरेषा बरी काढली. मग पेन थांबलं. चार कप्पे आहेत हे ठाऊक होतं. कुठला कशाला जोडलेला ते नाही. झडपा कुठेतरी असतात एवढंच. कान तापले.

"तू पुस्तकाला ओळखतेस," बाई म्हणाल्या. "रस्त्यात भेटलं तर नमस्कार करशील इतकी ओळख आहे. पण ओळखणं वेगळं आणि येणं वेगळं. आता ही चिंधी झालेली आकृती घरी ने. कुठं अडलीस ते बघ, तेवढंच पुस्तकात शोध, पुस्तक मिट आणि पुन्हा काढ. आणि मुंगी, मोठ्या सरांनी तुला जादा तासाला बसवू नको असं सांगितलंय. मी काही बोलू शकत नाही. पण काढलेलं मला आणून दाखवायला कुणी मनाई केलेली नाही."

मुंगीच्या डोक्यात प्रकाश पडला असं लगेच झालं नाही. उलट तिला अपमान झाल्यासारखं वाटलं. वाचणं सोपं असतं, वाचताना आपण हुशार वाटतो. कोऱ्या कागदासमोर माणूस उघडा पडतो. दोन दिवस तिनं त्या कागदाला हातही लावला नाही. ती तशीच राहिली असती, पण मध्ये आली आत्या.

आत्या वडलांची धाकटी बहीण. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आली ती रडत नव्हे, तर रागानं, आणि वर्षभरात लायसन काढून या धंद्यात पडली. आवाज हॉर्नसारखा. ती गच्चीवरच्या खोलीत राहायची आणि तिच्या शिकाऊ गाडीत मागच्या सीटवर बसून जायला मुंगीला लहानपणापासून आवडायचं. त्या रविवारी आत्यानं तिचं उतरलेलं तोंड बघून तिला गाडीत घातलं.

त्या दिवशीचे शिकाऊ होते एक पोस्टातले कारकून. आपण नियमांची पुस्तिका पाठ केली आहे असं त्यांनी बसल्याबसल्या सांगितलं आणि खरोखरच क्लच म्हणजे काय, गिअर कधी बदलायचा, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. मग चौकात, ऐन सिग्नलला, त्यांनी गाडी तीन वेळा बंद पाडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. कारकुनांना घाम फुटला. "अहो मॅडम, मला सगळं माहीत आहे हो," ते म्हणाले.

"तुम्हाला आहे हो माहीत," आत्या म्हणाली. "तुमच्या डाव्या पायाला नाही अजून. घाबरू नका, ब्रेक माझ्याकडेपण आहे. पुन्हा सुरू करा."

मागच्या सीटवर मुंगी हसली आणि हसता हसता थबकली. कारकुनांच्या जागी तिला ती स्वतःच दिसली.

त्या दुपारी तिनं दुकानातला काळ्या रेक्झिनचा एक मोठा तुकडा घेतला, आडोशावर खिळ्यांनी ठोकला आणि वडलांचा कापड आखायचा खडू घेऊन पुस्तक मिटून हृदय काढलं. चुकलं. पुस्तक उघडून पाहिलं, ओल्या फडक्यानं पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा चुकलं, पण वेगळ्या ठिकाणी. आत्या चहाचा कप घेऊन बघत उभी राहिली.

"हे काय, उजवं डावीकडे लिहिलंयस."

"तसंच असतं आकृतीत. का ते मला माहीत नाही, बाईंना विचारणार आहे."

"त्यात बाईंना काय विचारायचं? समोरून येणाऱ्या गाडीचा उजवा इंडिकेटर तुझ्या कुठल्या बाजूला दिसतो? तसा हा माणूस तुझ्याकडे तोंड करून उभा असेल."

दुसऱ्या दिवशी बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. वर्गात मी असंच सांगेन आता." मुंगी पुन्हा कधीही उजवंडावं चुकली नाही.

आत्याला जीवशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि ती ते लपवतही नव्हती. पण शिकाऊ माणसाला प्रश्न विचारून भंडावून सोडायची तिला सवय होती. ती रेक्झिनसमोर स्टूल टाकून बसायची आणि मुंगीनं काही सांगितलं की म्हणायची, "का?"

"हृदयाच्या डाव्या निलयाची भिंत जाड असते."

"का?"

"असते. पुस्तकात दिलंय."

"पुस्तकात दिलंय म्हणून जाड झाली का ती? का जाड?"

मुंगी चिडायची, पुस्तक उघडायची, वाचायची, विचार करायची. मग सांगायची, "उजव्याला रक्त शेजारीच ढकलायचंय, फुप्फुसात. डाव्याला थेट डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पाठवायचंय. जोर जास्त लागतो."

"हां. म्हणजे चढाचं इंजिन. आता हे मी जन्मात विसरत नाही."

आणि मुंगीपण विसरायची नाही. पण सगळंच काही असं पटकन बसलं नाही. एका आठवड्यात येत होतं ते दुसऱ्या आठवड्यात साफ निसटायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तिनं खडू फेकला. बाईंना जाऊन म्हणाली, "माझं डोकंच गळकं आहे." बाई म्हणाल्या, "सगळ्यांचंच असतं. म्हणून तर थोडं विसरायला लागलं की पुन्हा आठवायचं, ताजं असताना नाही. आठवायला त्रास झाला पाहिजे. त्रास होत नसेल तर तू स्वतःला फसवतेयस." मग मुंगीनं एका धड्यावर दिवसचे दिवस बसायचं सोडलं. आज मूत्रपिंड, त्यात मध्येच वनस्पतींचं प्रजनन, मग चार दिवसांपूर्वीचं हृदय, असं मिसळून. आईला ते धरसोड वाटायचं. "एक धड पुरं करत नाही," ती मशीनवरून म्हणायची. मुंगी खडू चालू ठेवायची.

एकदा तर भलतंच झालं. आडोशावरचा तुकडा भरला म्हणून तिनं दुकानात उलट्या ठेवलेल्या एका सोफ्याच्या पाठीवर, काळ्या कापडावर, नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातली गाळणारी नळी, काढला. चांगला जमला, म्हणून पुसला नाही. वडलांनी सोफा तसाच टेम्पोत चढवला. संध्याकाळी गिऱ्हाईक दारात. "आमच्या सोफ्यावर कुणीतरी गटाराचा नकाशा काढलाय." वडील फडकं घेऊन त्यांच्या घरी गेले, पुसून आले आणि आल्यावर मुंगीसमोर उभे राहिले. ती बोलणी खायच्या तयारीत होती.

"ते वळसा घालून खाली जातं आणि वर येतं," वडील म्हणाले, "ते काय होतं?"

"हेन्लेचा पाश. तिथं पाणी परत शोषलं जातं."

"परत का? बाहेर टाकायचं म्हणून तर गाळलं ना?"

मुंगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं सांगायला सुरुवात केली, आणि अर्ध्यात अडकली, आणि अडकल्यावर पुस्तक आणायला धावली. त्या दिवसापासून प्रश्न विचारणारे दोन झाले. वडील काम करता करता, तोंडात खिळे धरून विचारायचे, त्यामुळे प्रश्न नीट ऐकू यायचे नाहीत आणि आत्या त्यांचं भाषांतर करायची.

शाळेत मात्र गोष्टी सरळ नव्हत्या. जादा तासाला सगळा वर्ग आत आणि मुंगी बाहेर. तिनं घरी जायचं नाही ठरवलं. ती वर्गाच्या दाराबाहेर, पायरीवर बसायची, कोरे कागद मांडीवर घेऊन. जाणारे येणारे बघायचे. पहिल्या बाकावरची एक मुलगी, वर्गात कायम पहिली येणारी, एकदा थांबून म्हणाली, "मोठ्या सरांनी हमखास प्रश्न दिलेत. तुला देऊ? अनुवंशाचा धडा सोडून दे म्हणालेत, फार येत नाही."

"नको."

"अगं, फुकट आहे."

"तसं नाही. सोडून द्यायचं म्हटलं की मला राग येतो," मुंगी म्हणाली. मुलीला ते विचित्र वाटलं. मुंगीलाही धड सांगता आलं नसतं. पण सोडून देण्याच्या गोष्टींत आपलंही नाव कुणीतरी घातलं होतं, हे तिच्या मनातून जात नव्हतं. तिनं हट्टानं अनुवंशाचाच धडा काढला. तो तिला शेवटपर्यंत जड गेला.

पायरीवर बसलेली मुलगी मोठ्या सरांच्या डोळ्यांत खुपू लागली. पालक येतात, बघतात, विचारतात. त्यांनी पुन्हा वडलांना निरोप धाडला. या वेळी आई म्हणाली, "मी येते बरोबर, तुम्ही नुसतं हो म्हणून याल." वडील म्हणाले, "नको. मी जातो." कामाच्या कपड्यांतच गेले, शर्टाला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. मुंगी बाहेर उभी होती आणि दार अर्धवट उघडं होतं.

"मुलीला समजवा," मोठे सर म्हणाले. "अजून वेळ गेलेली नाही. ती पायरीवर बसून तमाशा करतेय."

"हो साहेब," वडील म्हणाले.

मुंगीनं डोळे मिटले.

"म्हणजे, समजावलं मी," वडील पुढे म्हणाले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. "पण ती रोज मला काहीतरी समजावते, साहेब. मला कळतं ते. मला कळेल असं तिला सांगता येतं. आधी तिला येत नव्हतं, तेव्हा तुमचं बरोबर होतं. आता नाहीये बरोबर."

"तुम्हाला कळतं म्हणजे तिला परीक्षा जमेल असं नव्हे."

"नसेलही. पण ती बसणार. आणि तिला आत बसू द्या, साहेब. पायरी गार असते."

मोठे सर म्हणाले, "जागा असेल तर बघू." जागा होती. मुंगी दुसऱ्या दिवशी जादा तासाला शेवटच्या ओळीत बसली. बाईंनी तिच्याकडे न बघता शिकवणं चालू ठेवलं. फळ्याकडे वळताना मात्र त्या गालात हसल्याचं पुढच्या ओळीतल्यांनी पाहिलं. मोठ्या सरांना भेटून घरी येताना वडील म्हणाले होते, "त्यांच्या खुर्चीचा फोम पार बसलाय. म्हणून माणूस सारखा वैतागलेला असतो." एवढं सोडलं तर त्या प्रकरणावर ते पुन्हा बोलले नाहीत.

शेवटच्या आठवड्यात आत्यानं सुट्टी काढली आणि परीक्षक झाली. दुकानाचं भिंतीवरचं घड्याळ काढून मुंगीसमोर ठेवलं, जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या आणि वेळ संपली की पेन काढून घ्यायची; वाक्य अर्धं असलं तरी. पहिल्या वेळी मुंगीचे दोन मोठे प्रश्न राहिले. ती भांडली. आत्या म्हणाली, "माझ्याशी भांड. तिथं कुणाशी भांडशील? येत नसलेल्या प्रश्नावर एवढा वेळ का थांबलीस? पुढे जा, वळसा घाल, मग ये मागे." पेपरच्या आदल्या दिवशी आत्यानं पुस्तकच काढून घेतलं आणि तिला जेवून झोपायला लावलं. मुंगीला वाटलं झोप लागणार नाही. लागली.

पेपर सोपा नव्हता. पहिलाच प्रश्न वनस्पतींतल्या द्विफलनाचा, आणि मुंगीच्या डोक्यात पांढरं स्वच्छ आभाळ. सराव परीक्षेतली तीच गत. आजूबाजूला सगळे लिहीत होते. मुंगीनं दात आवळले. मनात म्हणाली, 'आता नाही आठवत ना, नको आठवू. मीपण थांबत नाही,' आणि पान उलटलं. पुढे रक्ताभिसरण होतं. आकृती तिनं एका दमात काढली, उजवं डावीकडे, डावं उजवीकडे, झडपा जागच्या जागी. 'का' विचारलं होतं तिथं तिला आत्याचा आवाज ऐकू आला आणि तिनं अंगठ्यापर्यंतचा रस्ता लिहिला, पण पुस्तकी भाषेत. मूत्रपिंडाचा प्रश्न आला तेव्हा हसू आवरलं. अनुवंशाचं गणित तिनं सोडवलं आणि ते चुकलं आहे हे तिला लिहितानाच कळलं; तरी खोडलं नाही, जिथपर्यंत बरोबर वाटत होतं तिथपर्यंत नीट मांडलं. मग ती पहिल्या प्रश्नाकडे परत आली. आठवलं. सगळं नाही, बरंचसं.

निकाल लागला. मुंगी पास झाली. पहिली नाही, पहिल्या दहांतही नाही. पण जीवशास्त्रात तिचे गुण वर्गाच्या मधोमध होते, काही वर, काही खाली. अनुवंशात गुण गेले होते ते गेलेच होते. आई गुणपत्रिका हातात घेऊन म्हणाली, "मला वाटलंच होतं." यावर आत्या इतकी हसली की खाली बसली.

शाळेचा निकाल शंभर टक्के लागला होता. फाटकाच्या फलकावर नवीन वर्षाचा आकडा चढला आणि सगळ्या मुलांचा एकत्र फोटो काढायला बोलावणं आलं. मोठ्या सरांनी मुंगीला पाहिलं, जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही आमची जिद्दीची मुलगी. ये, माझ्या शेजारी उभी राहा."

मुंगी जागची हलली नाही. "सर, मग त्या दोघांना पण बोलवा."

"कुठल्या दोघांना?"

"स्वखुशीने बसले नाहीत त्यांना. गोलकीपरला आणि तिला. वर्षभर आमच्याच वर्गात होते ते."

फोटोवाल्यानं कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. कुणीतरी खोकलं. मोठे सर म्हणाले, "हा प्रसंग त्यासाठी नाही."

"मग मीपण नाही," मुंगी म्हणाली आणि फाटकाबाहेर चालू लागली. तिच्यामागून बाई आल्या. त्यांना वाटलं असावं, की मुलगी रडत असेल. मुंगी रडत नव्हती. तिला भूक लागली होती. बाईंनी तिला समोरच्या टपरीवर बिस्किटं खायला घातली आणि त्या दोघांचे पत्ते सांगितले. त्यातल्या गोलकीपरनं पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षा दिली आणि पास झाला. गप्प मुलगी एकदा दुकानात आली, थोडा वेळ बसली आणि परत आली नाही. तिचं लग्न ठरलं होतं म्हणे. मुंगी दोनदा तिच्या घरी गेली. दुसऱ्या वेळी दार उघडलं नाही. ही एक गोष्ट मुंगीच्या हातून झाली नाही आणि ती अजून त्याबद्दल नीट बोलत नाही.

पुढे काय, यावरून घरात पुन्हा युद्ध झालं. आईला वाटे, पोरीनं नर्स व्हावं. मुंगीनं जनावरांच्या दवाखान्यातल्या सहायकाचा कोर्स निवडला. आई म्हणाली, "माणसं संपली का?" मुंगी म्हणाली, "माणसं सल्ले देतात." आईनं बरेच दिवस अबोला धरला. कोर्स लांबच्या गावी होता. ती गेली, वसतिगृहात राहिली, म्हशीची लाथ खाल्ली, एक विषय राहिला तो पुन्हा दिला, आणि प्रमाणपत्र घेऊन आली.

आता ती एका दवाखान्यात आहे. परवाची गोष्ट. एक गृहस्थ भला दांडगा कुत्रा घेऊन आले. काचेवर पडून पाय कापलेला, फरशीभर रक्त. मुंगी हातमोजे चढवत पुढे झाली.

"डॉक्टर कुठे आहेत?" गृहस्थांनी विचारलं.

"आत शस्त्रक्रिया चालू आहे. येतील."

"मग मी थांबतो. तुम्ही नका हात लावू. तुम्हाला काय कळणार?"

मुंगीनं कुत्र्याच्या पायाकडे पाहिलं. रक्त लालभडक होतं आणि ठोक्यासरशी उसळत होतं, म्हणजे धमनी कापलेली.

"तुम्ही थांबा हवं तर," ती म्हणाली, "हे थांबणार नाही. खाली बसा आणि त्याचं तोंड धरा. घट्ट."

गृहस्थ क्षणभर उभेच राहिले. मग खाली बसले.